पात्याला हात न लावता: वागळे इस्टेटच्या गाळ्यातल्या टिप टायमिंगच्या नोंदी

माझं रोजचं काम कंपन मोजायचं. बेअरिंगच्या हाउसिंगवर चुंबकाने कंपन टिपणारा पिकअप चिकटवायचा, आकडा लिहायचा, पुढच्या मशीनकडे जायचं. गेल्या वर्षी एका कारखान्यातल्या ब्लोअरचं पातं मुळापासून तुटलं. आदल्या आठवड्यातलं रीडिंग माझंच होतं आणि ते अगदी हिरव्या पट्ट्यात होतं. पातं जागच्या जागी थरथरत असतं, त्यातलं बेअरिंगपर्यंत फारसं काही पोचत नाही. तेव्हापासून हे डोक्यात होतं.

विमानाच्या इंजिनवाल्यांना हा प्रश्न जुना आहे. ते पात्यांवर ताण मोजणारे स्ट्रेन गेज चिकटवतात आणि फिरत्या भागातून सिग्नल बाहेर काढायला स्लिप रिंग किंवा टेलिमेट्री लावतात. खर्च प्रचंड, गेज फार दिवस टिकत नाहीत, आणि सगळ्या पात्यांवर लावणं परवडत नाही म्हणून मोजक्याच पात्यांवर लागतात. दुसरा रस्ता टिप टायमिंगचा. प्रोब, म्हणजे पातं टिपणारा सेन्सर, बाहेरच्या केसिंगमध्ये, स्थिर. प्रत्येक पात्याचं टोक प्रोबसमोरून नक्की कधी गेलं एवढंच टिपायचं. पातं थरथरत असेल तर टोक थोडं लवकर येतं किंवा उशिरा. तो उशीर गुणिले टोकाचा वेग, की टोक किती सरकलं ते मिळालं. कागदावर तीन ओळी. गाळ्यात तीन महिने लागले. कुणाला हेच करून बघायचं असेल तर माझे गेलेले दिवस त्याचे जाऊ नयेत म्हणून हे लिहून ठेवतोय.

२८ जून

जागा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या रोड नंबर १६ च्या आतल्या बाजूचा गाळा. गाळा भाऊंचा: दोन लेथ, एक मिलिंग, आणि मागचा एक कोपरा, जो त्यांनी मला "काही उडालं तर भरपाई तुझ्याकडून" या अटीवर दिलाय. माझी सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी आजूबाजूचे बरेच गाळे बंद असतात, शेजारचं वेल्डिंग मशीनही. म्हणून बहुतेक नोंदी शुक्रवारच्या.

सामान: १ एचपी, टू पोल, थ्री फेज मोटार भंगारातून २,२०० रुपये. मोटारीचा वेग बदलायला जुना सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी ३,५००. यूसीपी २०४ बेअरिंग दोन, २० मिमी शाफ्ट आणि लव्हजॉय कपलिंग मिळून १,३००. खाली भाऊंकडे पडून असलेला सी-चॅनल. मोटार स्टारमध्ये जोडलेली होती, ती डेल्टा केली. नाहीतर या व्हीएफडीवर तिला दमच राहिला नसता. आज नुसता शाफ्ट फिरवला आणि चहा प्यालो.

५ जुलै

रबाळ्याहून लेझर कटिंग करून रोटर आणला. २ मिमी एसएस ३०४, व्यास ३०० मिमी, आठ पाती, सगळं एकाच पत्र्यातून. १,४०० रुपये. एसएस का, तर पावसाळ्यात गंज नको. दिसायला देखणा.

एका पत्र्यात दोन चुका बसल्या. पहिली भाऊंनी पकडली. त्यांनी खिशातला चुंबक पात्याला लावला आणि तो घसरून पायाशी पडला. मी पात्यांना झटके द्यायला बाहेरून चुंबक लावणार होतो, आणि ३०४ ला चुंबक धरत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. ऑर्डर देताना आठवलं नाही एवढंच.

दुसरी चूक लक्षात यायला संध्याकाळ झाली. सपाट पत्र्यातून कापलेलं पातं शाफ्टच्या दिशेत, पुढे-मागे हलतं. टिप टायमिंगला कळतं ते फक्त फिरण्याच्या दिशेतलं सरकणं. असलं पातं कितीही फडफडलं तरी त्याचं टोक प्रोबसमोर वेळेवरच हजर. इंजिनातली पाती तिरकी बसवलेली असतात, त्यामुळे हलण्याचा काही हिस्सा तरी फिरण्याच्या दिशेत येतो. माझ्या रोटरमध्ये काहीच येणार नव्हतं. मजा म्हणजे कॅम्पबेल नावाच्या इंजिनिअरने १९२४ साली स्टीम टर्बाइनच्या चकत्यांवर जो पेपर लिहिला तो याच पुढे-मागे हलण्याबद्दल होता. त्याच्या नावाचा, कोणत्या वेगाला रेझोनन्स येईल ते दाखवणारा आलेख मी महिनाभर भिंतीवर लावून ठेवलाय, दिशा मात्र पाहिली नाही.

रोटर आता भिंतीवर आहे. भाऊंचा पुतण्या म्हणतो, मधोमध घड्याळ बसवू.

८ जुलै

रजा टाकून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराला निघालो होतो. रात्रभराच्या पावसाने लोकल ठप्प. ठाणे स्टेशनवर दोन तास उभा राहून घरी. रजा गेली.

१२ जुलै

नवा हब. भाऊंनी डिव्हायडिंग हेडवर रॅचेटच्या चाकासारखे आठ दाते काढून दिले. प्रत्येक दात्याची एक बाजू बरोबर केंद्राच्या रेषेत. त्या बाजूवर पातं टेकवायचं, वर क्लॅम्पची पट्टी, दोन एम ५ चे ॲलन बोल्ट. दात्याची दुसरी बाजू उतरती असल्याने ॲलन की आत जाते. आता पात्याची रुंद बाजू फिरण्याच्या दिशेकडे तोंड करून आहे, वल्ह्यासारखी. पाती १६ गेज सीआर शीटची, म्हणजे १.६ मिमी, रुंदी २५ मिमी, क्लॅम्पबाहेर १०० मिमी. चुंबक कडकडून धरतो.

हबची मजुरी भाऊंनी १,८०० सांगितली आणि १,५०० घेतली. पाती कापून ६४०.

कंपनसंख्या मोजायला काही विशेष आणलं नाही. लेझरचा ठिपका पात्याच्या कडेवर अर्धा पडेल असा धरला, पलीकडे प्रकाश टिपणारा फोटोडायोड, त्याचा व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर. पात्याला बोटाने टिचकी मारली की पडद्यावर लाट उठते आणि हळूहळू विरते. लाटा मोजायच्या. हिशेबाने १३० हर्ट्झ यायला हवे होते. आले १०९, ११३, १२४, ११७... आठ पाती, आठ सूर. बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळले होते. किती जोराने आवळलं ते दाखवणारा टॉर्क रेंच मागून आणला, सगळे ५ न्यूटन-मीटरवर आवळले, पुन्हा टिचक्या. आता १२०.४ ते १२३.१ मध्ये आले. १३० होणार नाहीत, कारण क्लॅम्प काही कागदावरच्यासारखा पोलादी भिंत नसतो.

गार्ड: जुन्या पाइपचं ५ मिमी जाडीचं कडं. फिरताना एका पात्याला काही किलो ओढ बसते, बोल्ट सुटला तर पातं कुठे जाईल हे आधी ठरवलेलं बरं. पुढे हे कडं उपयोगी पडलं.

१९ जुलै

पहिला प्रोब. ५ मिलिवॉटचं लाल लेझर मोड्यूल, समोर बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड, पुढे एलएम ३११ कम्पॅरेटर, म्हणजे व्होल्टेजने ठरलेली पातळी ओलांडली की पल्स देणारी चिप. किरण शाफ्टला समांतर, केंद्रापासून १४५ मिमीवर. पातं आलं की तुटतो. खऱ्या इंजिनात असा आरपार किरण टाकता येत नाही, तिथे केसिंगमधून फायबर घालून टोकावरून परतलेला प्रकाश वाचतात किंवा कपॅसिटिव्ह, एडी करंट असले प्रोब वापरतात. मला आरपारच सोपं. लेझरवर काळ्या नळ्या चढवल्या, डोळ्यात जाऊ नये म्हणून.

वेळ टिपायला घरातला आर्डुइनो उनो, प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड. एक दिवस त्यात गेला. मायक्रोज हे फंक्शन चार-चार मायक्रोसेकंदांच्या पायरीने मोजतं. १,५०० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) माझा किरण जिथे आहे तिथे पात्याचा वेग सुमारे २३ मीटर प्रतिसेकंद. म्हणजे एक पायरी ०.०९ मिमीची. वर इंटरप्ट, म्हणजे पल्स आल्याची प्रोग्रामला मिळणारी हाक, कधी उशिरा लागतो, कधी लवकर. आलेख जिन्यासारखा दिसत होता.

शिवाय व्हीएफडी सुरू केला की खोट्या पल्स. शिल्डेड केबल घातली, शिल्ड एकाच टोकाला अर्थ केली, थांबल्या.

२६ जुलै

एसटीएम ३२ चा छोटा निळा बोर्ड, २८० रुपये. ७२ मेगाहर्ट्झचा टायमर, इनपुट कॅप्चर: पल्स आली त्या क्षणाचा आकडा हार्डवेअरच पकडून ठेवतं, प्रोग्राम मागाहून वाचला तरी चालतं. एक टिक सुमारे १४ नॅनोसेकंद. जिना गेला.

त्याच्या जागी सुळके आले. पातं मधूनच वीस मिमी सरकल्याचं दिसायचं आणि पुढच्या फेरीत परत जागेवर. वीस मिमी! पहिले तीन तास मी लेझर, केबल, कम्पॅरेटर, सगळं बदलत बसलो. मग सुळक्यांच्या उंचीकडे नीट पाहिलं. सगळ्यांचा उशीर सारखाच, ९१० मायक्रोसेकंद. टायमर १६ बिटचा आहे. ६५,५३६ ला ७२ मेगाहर्ट्झने भागा, ९१० मायक्रोसेकंद येतात. टायमर किती वेळा भरून शून्यावर आला ते मी वेगळं मोजत होतो, आणि पल्स नेमकी त्या सांध्यावर आली की कधी एक फेरी जास्त धरली जायची, कधी कमी. कॅप्चरचा आकडा लहान असेल आणि ओव्हरफ्लोचा झेंडा (टायमर भरल्याची खूण) अजून वर असेल तर एक मिळवायचा, असा एक इफ टाकला. सुळके बंद.

हार्डवेअर बदलण्याआधी चुकीचा आकडा किती आहे ते बघायला हवं होतं. तीन तास.

२ ऑगस्ट

आज आठही पाती एका सुरात नाचत होती. एक पुढे तर सगळी पुढे, एक मागे तर सगळी मागे, ०.३ मिमीने. मी खूश. फोटो काढून दोघांना पाठवला.

घरी जाताना तीन हात नाक्याच्या सिग्नलला बसमध्ये उभा असताना ट्यूब पेटली: १२०.४ चं पातं आणि १२३.१ चं पातं एकाच क्षणी एकाच दिशेला कशाला जाईल? पाती नाचत नव्हती, घड्याळ नाचत होतं. शाफ्टवर फेरीगणिक एक पल्स देणारा सेन्सर मी इंडक्टिव्ह प्रॉक्झिमिटी (धातू जवळ आला की पल्स देणारा) लावला होता, कॉलरवरच्या बोल्टसमोर. तो पल्स देतो खरी, पण प्रत्येक वेळी पंधरा-एक मायक्रोसेकंद इकडेतिकडे. फेऱ्या मोजायला ठीक, माझ्यासाठी निरुपयोगी. सगळ्या पात्यांचा उशीर याच पल्सपासून धरला जातो, त्यामुळे ही डगमग सगळ्यांच्या माथी.

९ ऑगस्ट

शाफ्टवर १२० मिमीची पातळ चकती, तिला एक खाच, खाचेतून लेझर. फेरीची पल्स आता प्रकाशाची. रोटर चुंबकाशिवाय १,५०० वर फिरवला: पात्यांची डगमग ०.०२ मिमीच्या आत. याला मी आता या यंत्राची स्वतःची कुजबुज म्हणतो, आणि ती रोज सुरुवातीला मोजून वहीत लिहितो.

प्रोबची जागा कोनमापकाने मोजायच्या भानगडीत पडू नका. ६०० आरपीएमवर शांत फिरवा, पात्यांच्या येण्याच्या वेळांवरूनच प्रोबचे कोनही मिळतात आणि पाती किती वेडीवाकडी बसली आहेत तेही. माझं तिसरं पातं ०.४ मिमी पुढे बसलंय. ते कंपन नाही, ते तसंच बसलंय, वजा करायचं.

१३ ऑगस्ट

कामावरून सुटून संध्याकाळी गेलो. शुक्रवारची कुजबुज ०.०२ होती, आज ०.०८. तेही विचित्र: १, ३, ५, ७ पुढे, २, ४, ६, ८ मागे. साताठ सेकंदांनी अदलाबदल. रचना इतकी सुबक की खरीच वाटावी. चुंबक लावलेला नसताना.

साडेआठपर्यंत डोकं खाजवलं. पुतण्याला घरी जायचं होतं, त्याने "काका, मी निघतो" म्हणत सवयीने वरचा एलईडी ट्यूबलाइट बंद केला. आलेख सपाट झाला. लाव म्हटलं. पुन्हा नाच. बंद कर. सपाट. पाच वेळा चालू-बंद करवलं त्याच्याकडून, तो बिचारा बॅग खांद्याला अडकवून उभा.

वीज ५० हर्ट्झची, तर ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. १,५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २५ फेऱ्या, फेरीगणिक चार लुकलुका. पात्यांमध्ये ४५ अंश. म्हणजे विषम पात्याच्या वेळी प्रकाश जास्त, समच्या वेळी कमी, आणि कम्पॅरेटर तेवढा मागेपुढे ट्रिगर होतो. वेग १,५०० ला एखाद-दोन आरपीएम कमी पडला की हा खेळ हळूहळू सरकतो. शुक्रवारी दिवसाउजेडी काम केलं म्हणून दिसलं नव्हतं. फोटोडायोडवर ड्रिंकिंग स्ट्रॉ काळा रंगवून बसवला, शून्य खर्च. पुतण्याला वडापाव, तो खर्च धरलेला नाही.

१६ ऑगस्ट

चार निओडायमियम चुंबक, २० बाय ५ मिमी, ९० अंशांवर, पात्यांच्या कडेला ६ मिमी फट ठेवून. फेरीत चार झटके. पात्याची कंपनसंख्या फेऱ्यांच्या चौपट झाली की रेझोनन्स, म्हणजे झटके पात्याच्या सुराशी जुळून थरथर वाढत जाते. फिरताना पातं ताणलं जाऊन थोडं ताठ होतं. तेवढं धरून १,८९० च्या आसपास यायला हवं.

प्रोब आता चार, तेही ९० अंशांवर, कारण फ्रेमला तिथेच भोकं होती.

मोटार १,४०० वरून २,२०० ला नेली. काही नाही. परत आणली. काही नाही. जेवण झाल्यावर व्हीएफडीची सेटिंग पाहिली: शून्य ते ५० हर्ट्झ दहा सेकंदांत. म्हणजे सेकंदाला ३०० आरपीएम. पात्याचा रेझोनन्स जेमतेम डझनभर आरपीएम रुंद. तो अवघ्या ०.०४ सेकंदात ओलांडला जातो, पात्याला तेवढ्यात पाचच हेलकावे मिळतात. झोपाळ्याला पाच धक्के देऊन तो उंच जात नाही. रॅम्प, म्हणजे वेग चढवायचा हा काळ, ६०० सेकंदांचा केला. सेकंदाला पाच आरपीएम. कंटाळवाणं आहे, पण १,८६० च्या पुढे एकेक पातं जागेवरून उठायला लागलं: आधी एका बाजूला, मग झपकन दुसऱ्या बाजूला, मग परत शून्याकडे. पहिल्यांदा खरं पातं दिसलं.

झाब्लोत्स्की आणि कोरोस्तेलेव्ह या रशियनांनी १९७० साली टर्बाइनच्या पात्यांसाठी याच वळणावरून माप काढलं होतं. त्याचं कारणही आज हाताने कळलं. वेग स्थिर ठेवला तर पातं प्रत्येक फेरीत प्रोबसमोर त्याच स्थितीत येतं. मिलिमीटरभर थरथरत असलं तरी आलेखात सरळ रेघ. वेग हळूहळू बदलला तरच ते उघडं पडतं.

संध्याकाळी चार प्रोब मिळून आयाम, म्हणजे टोक मधल्या जागेपासून जास्तीत जास्त किती सरकतं ते, काढायला पायथॉनचा हिशेब चालवला. उत्तर: दोनशे मिमी. पातंच शंभर मिमीचं आहे.

चूक फ्रेमच्या भोकांची, म्हणजे माझीच. फेरीत चार हेलकावे आणि प्रोब पाव-पाव फेरीवर: चारही प्रोबना पातं अगदी एकाच स्थितीत दिसतं. चार प्रोब लावले, माहिती एकाची. चार माणसांना एकाच खिडकीतून बघायला लावल्यासारखं.

२३ ऑगस्ट

प्रोब ०, १८, ४१ आणि ६७ अंशांवर हलवायला फ्रेमला नवी भोकं पाडली. प्रोबमधल्या कोनाला चाराने गुणून हेलकाव्यातल्या जागा मिळतात: ०, ७२, १६४, २६८. पसरलेल्या आहेत. पाच झटक्यांसाठीही चालतात, ते तपासून घेतलं.

दुपारी अपघात. १,८५० ला ठण्ण असा आवाज, मग रोटर धडधडायला लागला. स्टॉप दाबला. तिसऱ्या नंबरचा चुंबक मी फेविक्विकने चिकटवला होता. तो सुटला, दुसऱ्या पात्याला जाऊन चिकटला आणि तिथून उडून गार्डवर आदळला. कड्याला आतून नखाएवढा खळगा, चुंबकाचे तीन तुकडे, पातं वाकलेलं. चुंबक बारा ग्रॅमचा. कुणाला लागलं नाही. भाऊ लेथवरून वळले, खळग्यावर अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाले, "पाइप माझा होता म्हणून." नंतर त्यांनीच ॲल्युमिनियमचे खिसे मिल करून दिले, झाकणासह, प्रत्येकी दोन स्क्रू. फेविक्विक गाळ्यातून हद्दपार.

वाकलेलं पातं बदललं, पुन्हा टॉर्क, पुन्हा टिचक्या: १२१.५.

२७ ऑगस्ट

दहीहंडी. नौपाड्यातून बाहेर पडायची सोय नाही, स्पीकरने खिडक्यांच्या काचा वाजत होत्या. घरी बसून कोड साफ केला. प्रत्येक पात्यासाठी चार प्रोबचे आकडे, त्यात एक साइन, एक कोसाइन आणि एक स्थिर पद बसवायचं. स्थिर पद हवंच. वल्ह्यासारखं पातं वाऱ्याने मागे वाकतं, वेग वाढेल तसं जास्त. १,८०० ला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं. ते वगळलं तर आयामात मिसळतं.

३० ऑगस्ट

अजून एक खोटं कंपन, आशा आहे की शेवटचं. १,६२० आरपीएमला चौथ्या प्रोबवर सगळी पाती हलत होती, बाकी तिन्ही प्रोबवर शांत. प्रोब ज्यावर बसवलाय तो लोखंडी अँगलच थरथरत होता. बोट ठेवलं तर गुदगुल्या. पाठीमागून एक तिरका टेकू वेल्ड केला, फ्रेम मोटारीच्या चॅनलवरून काढून वेगळ्या पायावर उभी केली, खाली वाळूची पोती.

आता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: सगळी पाती, सगळे प्रोब हलले तर फेरीची पल्स बघ. सगळी पाती पण एकच प्रोब, तर प्रोबचा टेकू बघ. एक-आड-एक पाती, तर दिवा बघ. एकच पातं, सगळ्या प्रोबवर, वेगवेगळ्या टप्प्यात, तर मग पात्याकडे बघ.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. भाऊ गावाला जाणार, म्हणून आज सकाळी सातपासून.

आठही पात्यांचे रेझोनन्स मिळाले. सगळ्यात खाली १,८६३ आरपीएम, सगळ्यात वर १,९०७. टिचकीच्या आकड्यांवरून ताठपणा धरून काढलेले अंदाज १,८६४ आणि १,९०६. दोन अगदी वेगळ्या रस्त्यांनी एकच उत्तर आलं. या तीन महिन्यांत मला सगळ्यात बरं वाटलेली गोष्ट ही. आयाम ०.९ ते १.४ मिमी. सगळ्यात जास्त हलणारं पातं सातवं, का ते माहीत नाही. चुंबकाची फट सगळ्यांना सारखीच आहे.

त्याच वेळी बेअरिंगवर माझा रोजचा पिकअप लावून ठेवला होता. १,८८० ला, पाती दोन-सव्वादोन मिमीच्या एकूण हेलकाव्याने थरथरत असताना, आकडा एका दशांशानेही हलला नाही.

२० सप्टेंबर

दोन आठवड्यांनी गाळा उघडला. कुजबुज ०.०२, ठीक. रॅम्प चालवला. सात पाती जिथल्या तिथे, दोन-तीन आरपीएम इकडेतिकडे. पाचवं मात्र १,८८४ वरून १,८४६ ला उतरलेलं. मला आधी कोडवर संशय आला, मग प्रोबवर, मग दिव्यावर. पहिलं पान काढलं: एकच पातं, चारही प्रोबवर. म्हणजे पातं.

मोटार बंद, गार्ड उघडला. पाचव्याला हाताने हलवून बघितलं, घट्ट. डोळ्याला काही नाही. टिचकी: ११९.२. जुलैत १२१.७ होतं. बोल्ट काढले. एक बोल्ट रेंचला जेमतेम अडीच न्यूटन-मीटरवरच हलला. क्लॅम्पची पट्टी उचलली तर खाली पात्यावर कुंकवासारखी लालसर भुकटी, बरोबर जिथे पट्टीची कड टेकते त्या रेषेत. गंज नव्हे, हा जागच्या जागी घासून झालेला भुगा. जुलैत सगळ्या बोल्टांना स्प्रिंग वॉशर घातले होते. पाचव्याच्या एका बोल्टला नव्हता. कोणी विसरलं यावर भाऊ आणि मी दोघांनीही फार चर्चा केली नाही.

भुकटी फडक्याने पुसली, कड तेलदगडावर मारली, वॉशर घातला, ५ वर आवळलं. १२१.६. रॅम्प: १,८८३.

आतापर्यंतचा खर्च: मोटार ते कपलिंग ७,०००, पहिला रोटर १,४००, हब आणि पाती २,१४०, लेझर, फोटोडायोड, कम्पॅरेटर, बोर्ड मिळून १,१५०, चुंबक दोनदा घेतले म्हणून ९६०, केबल आणि किरकोळ ७००. तेरा हजार साडेतीनशे. त्यात भिंतीवरचं घड्याळ धरलेलं आहे. पुतण्याने काल त्यात सेल घातला.

पुढच्या शुक्रवारी पाच चुंबक. त्यांचा रेझोनन्स १,४९५ च्या आसपास येईल, म्हणजे नेमका ट्यूबलाइटच्या १,५०० जवळ. दिवे बंद ठेवून.